चौथीचा वर्ग पुढे गेला

आमच्याकडे शाळेचं वर्ष १ मेला संपतं. सकाळी झेंडावंदन होतं, राज्यगीत होतं, मग मुलं आपापल्या वर्गात बसतात. निकाल वाचला जातो, प्रगतीपत्रक हातात पडतं आणि सुट्टी लागते. वाशीम जिल्ह्यातल्या केनवडच्या शाळेत हे मी दरवर्षी करत आले आहे. यंदाचा, म्हणजे २०२५चा १ मे मात्र मला जड गेला. चौथीचा जो वर्ग त्या दिवशी माझ्या हातून पुढे गेला, तो मला पहिलीत मिळाला तेव्हा शाळेला कुलूप होतं.

जून २०२१मध्ये या मुलांची नावं पहिलीच्या हजेरीवर चढली आणि वर्गात एकही मूल नव्हतं. कोरोनाची दुसरी लाट नुकतीच उतरत होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत आमच्या रिसोड तालुक्यातल्या एका निवासी शाळेच्या वसतिगृहात दोनशेहून अधिक मुलं बाधित सापडली होती. ती बातमी देशभर गेली. त्यानंतर कितीतरी महिने आईबाप शाळेचं नाव काढलं की गप्प व्हायचे. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असा उपक्रम राज्यात चालू होता. मोठ्या वर्गांना मोबाईलवर अभ्यास जायचा आणि त्यातली काही मुलं तो करायचीही. पण पहिलीच्या मुलाला काय पाठवणार? ज्याला ‘क’ ओळखता येत नाही, त्याला लिहिलेली सूचना कशी वाचायला सांगणार? घरात फोन असलाच तर तो बापाच्या खिशात, आणि बाप वावरात.

मग आम्हीच गावात फिरायला लागलो. कोणाची ओसरी, कुठे निंबाची सावली, कुठे देवळाचा पार. चार-पाच मुलं एका वेळी, लांब लांब बसवलेली, सगळ्यांच्या तोंडाला मास्क. त्या दिवसांत मला एक गोष्ट कळली, जी इतकी वर्षं शिकवूनही लक्षात आली नव्हती. पहिलीचं मूल फळ्यावरच्या अक्षराइतकंच बाईच्या तोंडाकडे बघत असतं. ‘प’ म्हणताना ओठ कसे मिटतात, ‘त’ म्हणताना जीभ कुठे लागते, हे ते डोळ्यांनी उचलतं. माझं तोंड झाकलेलं होतं. मुलं माझ्या डोळ्यांकडे बघायची आणि ‘ब’ला ‘म’ म्हणायची.

१ डिसेंबर २०२१ला ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग राज्यभर उघडले. तेव्हा ही मुलं पहिल्यांदा बाकावर बसली. जानेवारीत तिसऱ्या लाटेमुळे पुन्हा खंड पडला. मग पुन्हा शाळा, आणि लगेच एप्रिल. ही यांची पहिली. त्यातही जे अंगणवाडीचं वय, तेसुद्धा घरातच गेलेलं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सगळी दुसरीत गेली. जायलाच हवी होती, त्यात त्यांचा काही दोष नव्हता. दुसरीच्या पहिल्या दिवशी मी फळ्यावर ‘कमळ’ लिहिलं आणि वाचायला सांगितलं. तीन-चार हात वर झाले. बाकीची मुलं त्या हातांकडे बघत राहिली.

वाचायला शिकणं म्हणजे काय, हे शाळेबाहेरच्या माणसाला सांगणं कठीण आहे. आपल्याला येतं म्हणून ते सोपं वाटतं. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत मुलाला चार पायऱ्यांवर तपासतात: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. वर्गात या पायऱ्यांच्या मध्ये आणखी कितीतरी पायऱ्या असतात. मूल काना ओळखतं पण वेलांटीला अडतं. ऱ्हस्व-दीर्घ नंतर येतं. अनुस्वार येतो. मग येतात जोडाक्षरं, आणि तिथे सरळ चाललेलं मूलही बसून घेतं. ‘पुस्तक’ शब्द तोंडपाठ असतो म्हणून वाचल्यासारखा म्हणतं, पण ‘मस्तक’ पुढे ठेवला की गप्प. काही मुलं सगळी अक्षरं बरोबर लावतात, प-त्रा-व-ळ असं म्हणून थांबतात, आणि आपण पत्रावळ म्हणालो हे त्यांना कळतच नाही. ज्या दिवशी ते कळतं, त्या दिवशी मुलाचा चेहरा बदलतो. ते वर बघतं. माझ्या नोकरीत त्याहून मोठं काही मी पाहिलेलं नाही.

या वर्गात ते सावकाश घडलं. काही मुलं दुसरीच्या दिवाळीपर्यंत वाचू लागली, पुष्कळशी तिसरीत. आणि काही थेट चौथीत, म्हणजे सरत्या वर्षात. लोक विचारतात, चौथीपर्यंत वाचता येत नव्हतं, मग मॅडम तुम्ही काय करत होता? मी त्यांना सांगते, या मुलांना पहिली मिळालीच नव्हती, ती आम्ही पुढच्या वर्गांत मिळवून दिली. माझ्या मते मूल कोणत्या इयत्तेत वाचायला लागलं याला फार महत्त्व नाही. लागलं का, एवढंच विचारावं. वर्षाच्या शेवटी माझ्यापुरता हिशोब मी एवढ्या एका गोष्टीचा मांडते.

आमच्या भागात दोन वर्षं सोबत चालतात. एक शाळेचं, जूनमध्ये सुरू होऊन एप्रिलअखेर संपणारं. दुसरं सालगड्याचं, पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. गुढीपाडव्याला जुना करार संपतो, नवा ठरतो, आणि घरचं सामान ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पडतं. ज्या मुलाचा बाप सालानं असतो, त्याची शाळा परीक्षेच्या तोंडावर बदलते. यंदा पाडवा ३० मार्चला होता आणि वार्षिक परीक्षा ८ एप्रिलपासून.

पाडव्याच्या आधी एक बाप दाराशी येऊन उभा राहिला. हातात टोपी.

“मॅडम, पोराचा दाखला पायजे होता.”

“दादा, परीक्षा आली की हो. पेपर होऊ द्या, मग न्या.”

“मालक म्हणून राहिला, पाडव्यालेच या. खोली बी तोच देऊन राहिला. इथं ठेवू कोणापाशी त्याले?”

त्याला मी काय म्हणणार? सोयाबीनला सरकारी हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याहून पुष्कळ कमी मिळत होता. ज्याच्या वावरात तो राबायचा, त्याचंच यंदा भागलं नव्हतं. नवा मालक मेहकरकडच्या गावातला, थोडं जास्त देणारा. त्या माणसानं जायलाच हवं होतं.

मुलगा मागे उभा होता. हा माझ्या त्या उशिरा वाचू लागलेल्या मुलांपैकी. दिवाळीच्या सुट्टीनंतर याचं वाचन सुटलं होतं, म्हणजे मोकळं झालं होतं, आणि डिसेंबरपासून तो दिसेल ते वाचायचा. खताच्या पिशवीवरचं, भिंतीवरच्या जाहिरातीचं, माझ्या पर्सवर काय लिहिलंय तेही. दाखला लगेच तयार करून दिला. कायदाही तेच सांगतो: दाखला द्यायला उशीर करू नये, आणि दाखला नाही म्हणून दुसऱ्या शाळेनं प्रवेश अडवू नये. पण कागद पोचला म्हणजे मूल पोचलं असं होत नाही. नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा नंबर मिळवला आणि बोलले. म्हटलं, सर, हा मुलगा लाजाळू आहे. पहिल्या दिवशी काही विचारलंत तर बोलणार नाही, त्याला वाचायला द्या. त्याच्या दप्तरात मी दोन गोष्टींची पुस्तकं टाकली. परीक्षा त्यानं तिकडेच दिली. एप्रिलच्या अखेरीस त्या सरांचा फोन आला, “मॅडम, वाचतो पोरगा.” एवढंच म्हणाले. माझ्या निकालपत्रकात त्याचं नाव नाही, पण माझ्या वर्षाच्या निकालात तो आहे.

यंदाच्या परीक्षेबद्दल लिहायला हवं. पहिली ते नववीसाठी राज्यभर एकच वेळापत्रक आलं, ८ ते २५ एप्रिल. आमच्याकडे याआधी परीक्षा लवकर आटपायच्या, कारण एप्रिलच्या मध्यापासून वऱ्हाडातलं ऊन मुलांना सोसण्यासारखं राहत नाही. पारा चाळिशी ओलांडून जातो. शिक्षक संघटनांनी हेच सांगून हरकत घेतली होती आणि ती रास्त होती. कोकणातला एप्रिल आणि वाशिमचा एप्रिल एका वेळापत्रकात बसत नाही. सकाळी लवकर पेपर सुरू करूनही शेवटच्या तासाला मुलांच्या हाताच्या घामानं कागद ओला व्हायचा. काही मुलं अनवाणी घरी जातात. डांबरी रस्त्यावरून ती पळत सुटायची, सावलीत थांबायची, पुन्हा पळायची.

तरी एक खरं ते सांगते. एरवी परीक्षा संपली की मुलं यायची बंद होतात, महिना वाया जातो. यंदा ती २५ तारखेपर्यंत आली, आणि पेपर नसलेल्या दिवशी, पेपर संपल्यावरच्या वेळात आम्ही नुसतं वाचत बसलो. जी मुलं काठावर होती, त्यांना ते दिवस लाभले. ऊन नसतं तर मी म्हटलं असतं, दरवर्षी असंच करा.

तिसरीपासून पुढच्या वर्गांना भाषा, गणित आणि इंग्रजीची संकलित चाचणी राज्यस्तरावरून येते. तपासायची आम्हीच, आणि गुण विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटवर भरायचे. ते काम रेंज असेल तेव्हा होतं. त्याबद्दल अधिक लिहीत नाही. माझं मन ज्यात रमतं ते काम वेगळं, ते म्हणजे वर्णनात्मक नोंदी.

२०१०मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हापासून प्रगतीपत्रकात गुणांऐवजी श्रेणी असते आणि सोबत तीन रकाने असतात: विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. या नोंदींची तयार पुस्तकं बाजारात मिळतात. ‘स्पष्ट उच्चारात वाचन करतो’, ‘शालेय उपक्रमात सहभागी होतो’, अशी शेकडो वाक्यं त्यात असतात. पट मोठा आणि कागद ढीगभर असले की शिक्षक ती वापरतात, मी त्यांना नावं ठेवणार नाही. मी स्वतः मात्र एका मुलाची नोंद लिहायची तर त्याचं वर्ष डोळ्यांपुढे आणून बसते. रात्री घरचं सगळं आवरल्यावर.

एक मुलगा आहे, त्याचा बाप आठवडी बाजारांत भाजी विकतो. हा बाजारच्या दिवशी बापासोबत असतो. पाऊण किलो वांगी, चाळीस रुपये किलो, गिऱ्हाईकानं शंभराची नोट दिली, परत किती? माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तो सत्तर म्हणतो. आणि वहीत भागाकार मांडला की खाली मान घालतो. गेल्या वर्षी मी त्याच्यासाठी वर्गातच बाजार मांडला. तराजू त्यानंच घरून आणला. त्याच्या हिशोबाच्या रीती त्याला तोंडी सांगायला लावल्या, मी त्या फळ्यावर आकड्यांत लिहीत गेले, आणि तो फळ्याकडे असा बघत होता जणू आपलीच वस्तू कोणीतरी परत आणून दिली. ‘विशेष प्रगती’मध्ये मी लिहिलं: व्यवहारातले हिशोब तोंडी, अचूक आणि वेगाने करतो, ते कागदावर मांडायला शिकला. ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यात काय लिहू? बाजारच्या दिवशी याची हजेरी लागत नाही. पण तो बाजारातच शिकला आहे. त्या रकान्यात मी अक्षर सुधारावे एवढंच लिहिलं.

गेली दोन वर्षं दुसरी ते आठवीची पाठ्यपुस्तकं चार भागांत येत होती आणि धड्याच्या मागे कोरी पानं असायची, ‘माझी नोंद’ म्हणून. दप्तराचं ओझं कमी व्हावं, वहीचा खर्च वाचावा हा हेतू. ती पद्धत आता बंद झाली, येत्या वर्षापासून पुस्तकं पुन्हा पहिल्यासारखी येणार आहेत. ती पानं अभ्यासाला किती उपयोगी पडली यावर मतं वेगळी असतील. माझ्यापुरतं सांगायचं तर वर्षाच्या शेवटी पुस्तकं चाळताना त्या पानांवर मला मुलं भेटली. ट्रॅक्टर तर प्रत्येकाच्या पुस्तकात. एकीनं तिच्या घरच्या शेळ्यांची नावं लिहून ठेवली होती. एकानं बापाचा मोबाईल नंबर, आजोबांचा, मामाचा, आणि सगळ्यांच्या खाली माझा. एका पानावर फक्त ‘आज मॅडम आल्या नाही’ असं होतं. शुद्धलेखन तपासायला लाल पेन हातात घेतला होता, तो खाली ठेवला. पहिली न मिळालेलं मूल मनातलं वाक्य कोणी न सांगता लिहितं, तिथे मी काय तपासणार?

मार्चच्या अखेरीस गावात चावडी वाचन घेतलं. निपुण महाराष्ट्र कार्यक्रमात त्यावर यंदा भर होता, पण मला तो कार्यक्रम आधीपासून आवडतो. गावातली माणसं, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, आया, आज्या समोर बसलेल्या, आणि मूल उभं राहून अनोळखी उतारा वाचतं. पाठ केलेलं चालत नाही. समोर बसलेल्यातल्या कोणीही पान उघडून द्यायचं.

एक मुलगी आहे, आजीपाशी राहते. चौथीच्या दिवाळीपर्यंत ती वर्गात मोठ्यानं बोललेली मला आठवत नाही. तिचं नाव घेतलं तेव्हा मलाच धाकधूक होती. आजी पहिल्या ओळीत. मुलगी उठली, पुस्तक डोळ्यांच्या फार जवळ धरलं, आणि वाचायला लागली. सुरुवातीला ऐकूच येत नव्हतं. मागून कोणी तरी म्हणालं, जोरात. आजी वळून त्याला म्हणाली, “तू गप रे. वाच व माय, तू वाच.” मुलीनं पान पुरं केलं. जोडाक्षराला दोनदा थांबली, मागे गेली, स्वतःच सुधारलं, पुढे गेली. हे मागे जाऊन सुधारणं म्हणजे वाचता येणं. पाठ केलेलं मूल मागे जात नाही.

नंतर आजी मला भेटली. म्हणाली, “आता मले कोणाले इचारा लागत नाही, कोन्ती एसटी हाय ते. हे सांगते.” तिच्या डोळ्यांवर चाळिशीचा चष्माही नाही, आणि असता तरी तिला वाचता आलं नसतं. दवाखान्यासाठी रिसोडला, मालेगावला जायचं तर ती आजवर लोकांच्या भरवशावर गाडीत चढत होती. शिक्षणाचे फायदे सांगणारी पुष्कळ व्याख्यानं मी ऐकली आहेत. पण त्या बाईच्या घरात शिक्षण आलं ते एसटीच्या पाटीवरून.

अशा मुलींसाठी एक उपस्थिती भत्ता असतो. १९९२पासून चालत आलेली योजना आहे, पहिली ते चौथीच्या मागास आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरातल्या मुलींना हजर दिवसामागे एक रुपया. वर्षभर एक दिवस न चुकता आलेल्या मुलीला दोनशेवीस रुपये. तीस वर्षांहून अधिक काळ झाला, तो रुपया रुपयाच राहिला आहे. ही रक्कम वाढवली पाहिजे, आणि हे मी जिथे संधी मिळेल तिथे म्हणत राहणार आहे. तसंच आमच्या पोषण आहार शिजवणाऱ्या बायांचं. महिन्याला अडीच हजार रुपये मानधन, तेही सुट्टीचे महिने सोडून. मुलांपैकी कोण उपाशी आलंय हे त्यांना आमच्या आधी कळतं. शेवटच्या दिवशी एकीनं खिचडी वाढताना दोन मुलांच्या ताटात जरा जास्त घातली. ती दोन मुलं कोणती, हे मला माहीत होतं. सुट्टीत त्यांचं दुपारचं जेवण कसं होईल याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

३० एप्रिलला अक्षय तृतीया होती, घरोघर घागरी भरल्या गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी १ मेला मुलं धुतलेल्या गणवेशात आली. निकाल सगळ्यांना आधीच ठाऊक असतो. तरी नाव घेतल्यावर प्रत्येक जण उठून येताना असा चालतो की आज काहीतरी ठरणार आहे. प्रगतीपत्रक हातात देताना मी एकेकाला त्यातली नोंद वाचायला लावली, स्वतःबद्दलची, मोठ्यानं. ज्यांच्या पत्रकात वाचता येतं असं लिहिलं होतं, त्यांनी ती वाचली. बाजारातल्या मुलानं अचूक हा शब्द वाचला आणि विचारलं, “म्हंजे बरोबर?” म्हटलं, हो, एकदम बरोबर.

सगळीच वाचू शकली नाहीत. दोन मुलं अजून शब्दांपाशी आहेत. पाचवीत आता वार्षिक परीक्षा आहे. नियम बदलले आहेत. पाचवी आणि आठवीत उत्तीर्ण व्हावं लागतं, नाही झालं तर जूनमध्ये पुन्हा परीक्षा, आणि त्यातही नाही झालं तर त्याच वर्गात. तेव्हा या दोघांसाठी येतं वर्ष महत्त्वाचं आहे. पाचवीच्या सरांना मी दोघांबद्दल सविस्तर लिहून दिलं आहे. कोणतं अक्षर अडतं, कोणत्या वेळी लक्ष लागतं, कोणाशेजारी बसवलं तर वाचतो. प्रगतीपत्रकात ते मावत नाही.

“पाचवीले तुम्हीच येसान ना मॅडम?” एका मुलीनं विचारलं.

“नाही गं. पाचवीला सर आहेत. मी पुन्हा पहिलीवर.”

“मंग आमाले पाहाले येत जा.”

येत जाईन म्हटलं. दोन खोल्यांचंच अंतर आहे. पण यातली काही मुलं इथे राहणार नाहीत हे मला माहीत होतं. कोणी रिसोडला मावशीकडे, कोणी कॉन्व्हेंटला, कोणाचं कुटुंब पुण्याकडे कामाला. दुपारी ज्यांनी दाखले मागितले होते त्यांच्या नोंदी करायला दाखल-खारीज रजिस्टर काढलं. जुनी रजिस्टरं त्याच कपाटात आहेत. त्यांवर जिल्हा अकोला असं लिहिलेलं आहे, कारण वाशीम जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ला. गेल्या दोन वर्षांत कुणबी नोंदी शोधायला, जातपडताळणीला लोक ही रजिस्टरं बघायला येत राहिले. पानं चाळताना कितीतरी नावांपुढे ‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यात सतत गैरहजर असं दिसतं. तिसरीतून, दुसरीतून. ती मुलं आज आजी-आजोबा आहेत. चावडी वाचनाला समोर बसलेल्यांपैकी काही जण त्या रकान्यातलेच. या वर्गातल्या एकाही मुलापुढे मला ते कारण लिहावं लागलं नाही. पहिली न मिळालेल्या वर्गाबद्दल मला याचं फार समाधान आहे.

आता सुट्टी. विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. यंदा २३ जूनला उघडतील. म्हणजे सात आठवड्यांहून अधिक काळ. पाया पक्का असलेल्या मुलाला त्यानं काही होत नाही. ते मामाच्या गावी जातं, लग्नं खातं, शेळ्या चारतं, आणि जूनमध्ये येऊन वाचायला लागतं. पण ज्याचं वाचन सरत्या वर्षातच मोकळं झालं आहे, त्याचं तसं नसतं. नवी पडलेली पाऊलवाट चालली नाही तर पहिल्या पावसात गवताखाली जाते. जूनमध्ये मी अशी मुलं पाहिली आहेत. एप्रिलमध्ये उतारा वाचत होती, आणि आता ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यात अडकली आहेत. त्यांना स्वतःलाच त्याचं नवल वाटतं, आणि मग लाज वाटते. ती लाज वाईट. त्या लाजेनं मूल मागच्या बाकावर जाऊन बसतं.

म्हणून केनवडच्या आणि आसपासच्या गावांतल्या आईबापांना माझं सांगणं आहे. शिकवणी लावू नका, गृहपाठ देऊ नका, उन्हाळ्याचं पुस्तक विकत आणू नका. संध्याकाळी ऊन उतरल्यावर, दिवाबत्तीच्या वेळी, मुलाला दहा मिनिटं तुमच्यापुढे मोठ्यानं वाचायला सांगा. तुम्हाला वाचता येत नसलं तरी चालेल, ऐकता येतं तेवढं पुरे. पोथी असो, लग्नपत्रिका असो, बियाण्याच्या पिशवीवरची माहिती असो. ते अडलं तर हसू नका, थांबा, ते मागे जाऊन सुधारेल. शहरात राहणाऱ्या, गावी सुट्टीला येणाऱ्या मंडळींना विनंती, की येताना खाऊसोबत एखादं गोष्टीचं पुस्तक आणा आणि जाताना ते गावातल्या मुलापाशी ठेवून जा.

शाळेच्या पुस्तकपेटीची किल्ली मी आमच्या पोषण आहार शिजवणाऱ्या बाईंकडे ठेवली आहे. त्यांचं घर शाळेला लागूनच आहे. कधीही जाऊन पुस्तक मागा. वहीत नाव लिहायची गरज नाही आणि परत आणायची घाई नाही.